जाळी, फर्मिऑन आणि उणे चिन्ह

भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्झ वेगनर यांनी १९७१ साली मांडलेलं प्रतिमान दिसायला अगदी साधं आहे. चौकोनी जाळीतल्या प्रत्येक दुव्यावर अधिक एक किंवा उणे एक लिहायचं. ऊर्जा ठरते ती एका चौकटीच्या चार दुव्यांच्या गुणाकारावरून. एखाद्या बिंदूला भिडणाऱ्या सगळ्या दुव्यांची चिन्हं उलटवली, तर चौकटीतली दोन चिन्हं एकदम बदलतात आणि गुणाकार होता तसाच राहतो. हीच गेज सममिती. तिच्यामुळे चुंबकात मोजतो तसं सरासरी चुंबकत्व इथे शून्यच येतं. तरी त्रिमितीत अवस्थांतर होतं, म्हणजे प्रणाली एका अवस्थेतून दुसरीत जाते. ते ओळखायला वेगनर यांनी जाळीवर मोठा वळसा काढला आणि त्यावरच्या चिन्हांच्या गुणाकाराची सरासरी परिघानुसार घसरते की क्षेत्रफळानुसार, हे पाहिलं.

१९७४ मध्ये केनेथ विल्सन यांनी हीच चाचणी क्वार्कना, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांना, लावली. क्षेत्रफळानुसार घसरण म्हणजे क्वार्क कायमचे बंदिवान, एकटे कधीच सुटत नाहीत. पुढच्या वर्षी कोगुट आणि ससकिंड यांनी काळ अखंड ठेवून फक्त अवकाशाची जाळी केली. त्यामुळे शून्य तापमानाला, केवळ एखाद्या पदाचं बळ बदलून, होणाऱ्या क्वांटम अवस्थांतराची भाषा मिळाली.

फर्मिऑन, म्हणजे इलेक्ट्रॉन किंवा क्वार्कसारखे कण, आले की ही सुटसुटीत चाचणी निकामी होते. दोन प्रभारांना बांधणारी बळाची तार ताणली, तर मधेच कणांची नवी जोडी जन्मते आणि तार तुटते. संगणकावरची अडचण याहून वाईट. दोन फर्मिऑनची अदलाबदल केली की उणे चिन्ह येतं. यादृच्छिक नमुने घेऊन सरासरी काढणाऱ्या माँटे कार्लो पद्धतीला मात्र संभाव्यता धनच लागते. क्वार्कची घनता वाढवताच हा प्रश्न आडवा येतो. मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये राजीव गवई आणि सौरेंदू गुप्ता यांनी टेलर श्रेणीची पळवाट धरली (शून्य घनतेपाशी गणना करून तिथून घातांच्या बेरजेने पुढे जायचं) ती याचमुळे.

दुसरीकडे, १९८६ मध्ये उच्च तापमानाचे अतिवाहक (विरोधाशिवाय वीज वाहणारे पदार्थ) सापडल्यावर घनपदार्थवाल्यांनाही गेज सिद्धान्ताची गरज पडली. इलेक्ट्रॉनचे तुकडे झाले असं मानलं, तर त्यांना बांधणारं गेज क्षेत्र पदार्थाच्या पोटातूनच उपजतं. मग ते तुकडे मोकळे राहतील का? पॉल्याकोव्ह यांनी सत्तरच्या दशकातच दाखवलं होतं की द्विमितीय अवकाशात, फर्मिऑन नसताना, यू(१) प्रकारचं संहत क्षेत्र (दुव्यावर चिन्हाऐवजी वर्तुळावरचा कोन असलेलं) प्रभारांना बांधूनच ठेवतं. २००४ मध्ये हर्मेले आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं: वस्तुमानरहित फर्मिऑनचे प्रकार पुरेसे असतील, तर बंदिवास टळतो.

संगणकावर वाट मोकळी झाली ती २०१६-१७ च्या सुमारास, तीही वेगनर यांच्याच चिन्हांमुळे. असाद-ग्रोव्हर आणि गझित-रणदेरिया-विश्वनाथ या दोन गटांनी त्या दुव्यांवर फर्मिऑन बसवले. युक्ती शाळकरी बीजगणिताची: चिन्हं वास्तव संख्या असल्याने वर-स्पिन आणि खाली-स्पिन फर्मिऑनचे निश्चयक (संभाव्यतेत येणाऱ्या संख्या) सारखेच आणि वास्तव येतात. गुणाकार म्हणजे वर्ग, आणि वर्ग कधी ऋण नसतो! अर्ध्या भरलेल्या जाळीत (दर बिंदूला सरासरी एक फर्मिऑन) तर फर्मिऑन स्वतःच प्रत्येक चौकटीचा गुणाकार उणे करून घेतात, आणि ग्राफीनमधल्यासारखे डिरॅक शंकू उमटतात, म्हणजे फर्मिऑन वस्तुमानरहित असल्यासारखे वागतात.

आता बंदिवासाकडे ढकलत गेलं, तर एका प्रकारात प्रतिलोहचुंबक तयार होतो, म्हणजे शेजारचे स्पिन एकमेकांच्या उलट दिशेला लागतात. बंदिवास आणि चुंबकी क्रम या दोन वेगळ्या घटना. बळ बदलत नेताना त्या वेगवेगळ्या मूल्यांना घडाव्यात किंवा एकदम उडी मारून, अशीच अपेक्षा होती. गणनेत दोन्ही एकाच मूल्याला आल्या, आणि तेही उडी न मारता, सलगपणे.