पार्श्वभूमी : स्लाइडवर 'शेतकऱ्यांना' हा शब्द का मोडतो

खरीप आढावा बैठक असो, पीकविम्याची माहिती असो की पाणलोटाचे प्रशिक्षण, मराठवाड्यात तयार होणाऱ्या स्लाइडमध्ये 'शेतकऱ्यांना' हा शब्द आल्यावाचून राहत नाही. आणि पडद्यावर तो कितीदा तरी 'शेतकर्यांना' असा उमटतो. टायपिंग कच्चे आहे, असे म्हणून बैठक पुढे सरकते. टाइप करणाऱ्याने मात्र बहुतेक वेळा अक्षर बरोबर दाबलेले असते. मधल्या प्रवासात एक न दिसणारे चिन्ह गळालेले असते. पॉवरपॉइंटमध्ये मराठी बिघडते, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. तिची मुळे त्या सॉफ्टवेअरच्या बाहेर, फॉन्ट आणि संकेतांच्या इतिहासात आहेत.

पॉवरपॉइंट १९८७ साली आले ते मॅकिंटॉशसाठी. विंडोजवर ते १९९० मध्ये पोचले. देवनागरीसाठी इस्की हे अक्षरांना क्रमांक देणारे भारतीय मानक १९९१ चे, युनिकोड या तशाच जागतिक मानकाची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक तेव्हाच मिळाले होते. पण जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी संगणकावर मराठी आली ती या वाटेने आली नाही. ती डीटीपीवाल्याच्या दुकानातून आली.

त्या दुकानांतले फॉन्ट, मग श्रीलिपी असो, आकृती असो की आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे सुरेख, एकाच युक्तीवर चालत. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर देवनागरीचा तुकडा बसवायचा : कुठे काना, कुठे अर्धा त, कुठे रफार. कागदावर छपाई सुरेख येई, कारण छापून झाले की काम संपले. स्लाइडचे तसे नसते. ती दुसऱ्याच्या संगणकावर उघडायची असते. तिथे तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. म्हणून पेन ड्राइव्हमध्ये स्लाइडच्या शेजारी फॉन्टचा फोल्डर ठेवायची सवय आम्हा सगळ्यांना लागली, आणि हॉलमध्ये पोचल्यावर पहिले काम फॉन्ट टाकण्याचे.

स्लाइड बनवतानाही एक गोष्ट सतत आडवी येई. वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करणारी ऑटोकरेक्टची सोय पॉवरपॉइंटमध्ये आपोआप चालू असते. जुन्या फॉन्टमध्ये छोट्या आणि मोठ्या इंग्रजी अक्षरावर दोन वेगळे मराठी तुकडे बसवलेले. त्यामुळे प्रत्येक मुद्द्याचे पहिले अक्षर डोळ्यांदेखत बदलायचे. सरळ अवतरणचिन्ह वाकडे करणाऱ्या सोयीनेही तसेच होई. या सोयी बंद करायला त्यांच्यापुढची खूण कुठे काढायची हे संगणक लॅबमधल्या एखाद्याला ठाऊक असे, आणि त्याला हाका पडत.

विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी जोडाक्षरांसह दिसू लागली. विंडोज एक्सपी मात्र, जे आपल्याकडच्या लॅबमध्ये कितीतरी वर्षे राहिले, ती सोय मागितल्याशिवाय देत नसे. रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जायचे, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या, म्हणजे देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिप्यांच्या, चौकोनात खूण करायची आणि एक्सपीची सीडी घालायची. सीडी सापडत नसे. खूण नसली की मंगल हा फॉन्टही नसे आणि युनिकोड मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. सक्तीची सीडी नसती तर मराठवाड्यातल्या शाळा-महाविद्यालयांत युनिकोड आणखी काही वर्षे आधी रुजले असते, असे माझे ठाम मत आहे. 'युनिकोड म्हणजे मंगल' हा समजही याच काळातला. युनिकोड ही अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत आहे, मंगल हा त्या पद्धतीने चालणाऱ्या अनेक फॉन्टांपैकी एक. तरीही 'मंगलमध्ये करून आणा' असे आजही सांगितले जाते.

आता 'शेतकऱ्यांना'मधला तो अर्धा र.

मराठीत 'र्य' आणि 'ऱ्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आचार्यांना म्हणजे गुरूंना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. हिंदीला हा भेद लागत नाही. देवनागरीच्या नियमात र आणि पायमोडका (अक्षर अर्धे करणारे चिन्ह) यांच्यापुढे व्यंजन आले की रफार होतो. मग 'ऱ्या'मधला र लिहायचा कसा? युनिकोडच्या १९९६ च्या २.० आवृत्तीतला मार्ग असा : र, पायमोडका, त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर म्हणजे रुंदी नसलेला, डोळ्यांना न दिसणारा जोडक, आणि मग य. पुढच्या आवृत्त्यांनी इस्कीला धरून दुसरा मार्ग मुख्य केला : नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, पायमोडका, य. जुना मजकूर वाया जाऊ नये म्हणून पहिला मार्गही ग्राह्य ठेवला. शिवाय नुक्त्याचा ऱ हा एकसंध क्रमांकाने लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. पडद्यावर तिन्ही सारखे, आत तीन वेगळ्या रांगा.

या निर्णयाचा त्रास मराठीलाच सर्वाधिक झाला, हे स्पष्ट म्हणायला हवे. युनिकोडच्या तक्त्यात नुक्त्याच्या ऱ समोर टीप आहे ती द्राविडी भाषांतला र लिप्यंतरित करण्यासाठी अशी. मराठीच्या रोजच्या वापरातल्या रूपाला स्वतःची जागा न देता ते या अक्षराच्या अर्ध्या रूपावर टांगले गेले. शिकवताना ही अडचण फार जाणवते. इन्स्क्रिप्ट या कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी जे दाबा, तिथे ऱ आहे, असे सांगितले की मुले विचारतात, मराठीत टिंबाचा र असतो का?

जोडक गळण्याच्या जागा पुष्कळ. श्रीलिपीतला मजकूर कन्व्हर्टरमधून काढताना, पीडीएफमधून उचलताना, एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात चिकटवताना. गळला की नियम आपले काम करतो आणि रफार होतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना, बीड, उस्मानाबाद इथल्या टंचाईच्या स्लाइड आठवून पाहा. चाऱ्याची, बंधाऱ्यांची, कर्मचाऱ्यांची : ज्या शब्दांवर सगळी बैठक उभी, त्या प्रत्येकात हेच अक्षर.

स्लाइडमध्ये याला आणखी एक कारण मिळते. जोडाक्षराच्या अर्ध्या भागाला वेगळा रंग दिला की मजकुराचे दोन तुकडे होतात आणि जोड सुटतो. अक्षरांतले अंतर वाढवले तर शिरोरेषा तुटते. 'ॲप'मधला ॲ तर २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या फॉन्टमध्ये तो नसल्याने एकच अक्षर दुसऱ्या वळणाचे दिसते.

पॉवरपॉइंट २००७ ने फाइलचा साचा बदलला आणि आजची बरीच डोकेदुखी तिथून सुरू झाली. या साच्यात मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला लॅटिन, पूर्व आशियाई आणि कॉम्प्लेक्स असे तीन फॉन्ट असू शकतात. देवनागरी तिसऱ्या खणात. ऑफिसच्या मूळ थीममध्ये हा खण रिकामा आहे आणि देवनागरीसाठी मंगलचे नाव वेगळे लिहिलेले आहे. त्यामुळे थीमचा फॉन्ट बदलला की इंग्रजी बदलते, मराठी मंगलमध्येच राहते. मंगलची ओळ उंच. तेवढ्याच मुद्द्यांना जागा जास्त लागते, चौकट भरते आणि ऑटोफिट मजकूर आकसून टाकते. फाइलच्या आत ९२.५ टक्के असा आकडा लिहिला जातो, ओळींतले अंतर १० टक्क्यांनी कमी होते. दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलला तरी मजकुराला हात लावेपर्यंत तोच आकडा चालतो. मागच्या रांगेतल्या माणसाला अक्षर दिसत नाही ते यामुळे. ऑटोफिट बंद करून ओळीचे अंतर पॉइंटांत ठरवले तर हे थांबते. फक्त अंतर फार कमी ठेवू नये, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर बसतो.

आता निर्मला यूआय विंडोजसोबतच येतो, मुक्त फॉन्टही भरपूर आहेत, आणि सेव्हच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच बसवता येतो, अर्थात त्या फॉन्टचा परवाना तशी मुभा देत असेल तर. पेन ड्राइव्हमधला फोल्डर त्यामुळे गेला. र चा प्रश्न फॉन्ट बदलून सुटत नाही, कारण तो मजकुरात आहे. शंका आली तर 'शेतकऱ्यां'पुढे कर्सर ठेवून बॅकस्पेस एकेकदा दाबत जावे. य आणि पायमोडका गेल्यावर नुक्त्याचा ऱ उरला तर नवा मार्ग, साधा र उरला तर जुना. फाइंड-रिप्लेसला साधा र आणि नुक्त्याचा ऱ ही दोन निराळी अक्षरे आहेत. म्हणून स्लाइड बाहेर पाठवण्याआधी शब्द दोन्ही रूपांनी शोधावा, रफाराच्या मोडक्या रूपानेही शोधावा, आणि सगळीकडे नुक्त्याचा ऱ करावा.