प्रमाणपत्रांचा गठ्ठा आणि स्वयंसेवा

दर सत्राच्या सुरुवातीला एक मेसेज फिरतो: ‘स्वयंसेवेची जितकी जास्त प्रमाणपत्रं, तितकी नोकरी किंवा पुढचा प्रवेश पक्का.’ तसं वाटणं स्वाभाविक आहे, कारण कागद दिसतो, काम दिसत नाही.

आता हिशेब पाहा. पाच एकदिवसीय शिबिरं, प्रत्येकी सहा तास, म्हणजे 30 तास. आठवड्याला दोन तास दृष्टिहीन विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखवलं, तर 15 आठवड्यांत तेही 30 तासच. पण पहिल्यात कागद पाच, दुसऱ्यात फार तर एक. मात्र दुसऱ्यात आकृती शब्दांत कशी सांगायची, कुठे थांबायचं, हे हळूहळू जमत जातं. शिवाय तुमचं काम जवळून पाहिलेलं, शिफारस करू शकेल असं माणूस मिळतं.

खात्री करायची तर अर्जाचा नमुना आणि नियमावली स्वतः वाचा. काही ठिकाणी अशा कामाला ठरावीक गुण असतात; तेव्हा किती तास, कुणाची सही, हे तिथे लिहिलेलं असतं. नसेल, तर मुलाखतीत प्रश्न बहुधा एकच येतो: ‘तुम्ही नेमकं काय केलंत?’ फाइल मिटून, दोन मिनिटं बोलून बघा.