कर्ज लवकर फेडलं तर दंड? नाही!

चवथीच्या माटोळीला (गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला) सुपाऱ्यांचे घोस बांधता बांधता आमच्या फोंड्याच्या वहिनी म्हणाल्या, "बोनस कर्जात भरू नका हां, बँक दंड लावते." हा समज जुना आहे, आणि घरोघरी महागात पडतो.

बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून असा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना मनाई केली. (दर स्थिर असेल तर करार वाचा.)

३० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० नुसत्या व्याजात जातात! सुरुवातीलाच एक लाख जादा भरलेत तर सुमारे १९ हप्ते वाचतात. आजारपणापुरते पैसे मात्र आधी बाजूला काढा. शाखेत लेखी द्या: हप्ता तोच, मुदत कमी.