बॅटरी रात्रीतून उतरतेय की मुळात चार्जच होत नाहीये?

गाडीत स्वतःच्या हाताने एखादा पार्ट बदलायचा, दोन दिवस कॉलर ताठ करून फिरायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक टक टक. मग पार्किंगमध्ये चार जण जमतात, एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो डायनॅमो गेला, आणि आपण गुपचूप चार-पाच हजारांची नवी बॅटरी टाकून मोकळे होतो. ती पण चार दिवसांनी उतरते!

कारण ‘बॅटरी उतरली’ या एकाच वाक्यात दोन अगदी वेगळी दुखणी लपलेली असतात. एकात गाडी उभी असताना कोणीतरी गुपचूप करंट पीत असतं, दुसऱ्यात गाडी चालू असताना डायनॅमो (अल्टरनेटर हो, पण गॅरेजमध्ये कोण म्हणतं) बॅटरीला काही देतच नाही. सकाळचं टक टक दोन्हीकडे सेम.

पहिलं दुखणं माझ्याच गाडीत झालं. रविवारी नवा स्टिरिओ बसवायला घेतला. त्याची पिवळी वायर म्हणजे चोवीस तास प्लस, मेमरी टिकवायला, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा प्लस आणि काळी म्हणजे अर्थ (बॉडीला जोडलेला मायनस). आता मला गाडीच्या सॉकेटमध्ये चावीवरचा प्लस काही सापडेना, ऊन चढलेलं, घरून जेवायला हाका, मग काय लाल आणि पिवळी एकत्र पिळली, टेप मारली, गाणी सुरू! बटण दाबलं की स्क्रीन काळी व्हायची म्हणून मला वाटायचं बंद झाला, पण आत पठ्ठ्या रात्रभर जागा. नंतर मीटर लावला तर 420 मिलिअँप. ऐकायला काहीच नाही वाटत, पण 24 तासांत झाले 10 अँपिअर-तास, आणि माझी बॅटरी आहे 35 ची. तीन दिवस गाडी हलवली नाही की खेळ खल्लास. बाकी थोडा करंट प्रत्येक गाडी पिते, घड्याळ, लॉक, अलार्मसाठी, साधारण 50 मिलिअँपच्या आत असेल तर काळजी नको.

दुसरं दुखणं मेव्हण्याचं. त्याने डायनॅमो स्वतः बदलला, मागची जाड वायर नटाने मस्त कसली आणि शेजारचा छोटा सॉकेट नुसता टेकवून ठेवला, लॉकचा ‘टक’ आवाज आलाच नाही. त्याची गाडी सकाळी व्यवस्थित स्टार्ट व्हायची कारण रात्री घरी चार्जर लावलेला असायचा. पण रात्री हायवेला हेडलाइट पिवळट पडले, वायपर म्हाताऱ्यासारखा चालायला लागला आणि शेवटी गाडी चालता चालता बंद. हा फरक लक्षात ठेवा, उभ्या गाडीतला करंट पिणारा तुम्हाला सकाळी दगा देतो, चार्जिंगचा लोच्या बहुतेक वेळा रस्त्यातच रंग दाखवायला लागतो.

आणि डॅशबोर्डवरचा तो लाल बॅटरीचा दिवा, चावी ऑन केल्यावर लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मेव्हण्याचा चावी ऑन केल्यावरही लागत नव्हता आणि हा खूश, की बघ एकही वॉर्निंग नाही.

साधा डिजिटल मीटर घ्या, दोन-तीनशेत येतो. गाडी बंद करून काही तास झाले की बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. बंद केल्या केल्या मोजू नका, तेव्हा 12.9 वगैरे दाखवते ते फसवं असतं. मग इंजिन सुरू करून मोजा, 13.8 ते 14.5 आलं तर डायनॅमोला शिव्या देऊ नका. 12.4 आलं आणि हेडलाइट लावल्यावर आणखी घसरत गेलं तर चार्जिंग होत नाहीये, बेल्ट ढिला आहे का आणि ते सॉकेट बसलंय का ते बघा. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे एका रीडिंगवरून निकाल लावू नका. आणि डायनॅमोवर 14.2 पण बॅटरीच्या खांबावर 12.5 असं असेल तर मधली वायर, टर्मिनल किंवा अर्थ ढिला, पाना फिरवा आणि विषय संपवा.

मीटर नसेल तर दहा नंबरचा पाना पुरतो. बॅटरी फुल चार्ज करा, रात्री मायनस टर्मिनल काढून ठेवा, सकाळी लावा. सेल्फ झटक्यात लागला तर बॅटरी ठीक, मग एकतर रात्री गाडीच करंट पीत होती नाहीतर मेव्हण्यासारखं चार्जिंगच होत नव्हतं. तरीही टक टक, तर मात्र बहुतेक बॅटरीच म्हातारी झालीय. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी, नाहीतर प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की दिवाळी.

पिणारा कोण हे शोधायला मीटरची वायर 10 अँपच्या खाचेत लावा, बॅटरीचा मायनस खांब आणि त्यावरून काढलेली वायर यांच्या मधे मीटर घाला आणि सेल्फ अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल, स्वस्त मीटर असेल तर मीटरच जळेल. दरवाजे बंद, चावी खिशात, अर्धा तास थांबा कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात (मी पहिल्यांदा दोन मिनिटांत मोजून घाबरलो होतो). मग एकेक फ्यूज उपटा, ज्याला आकडा धपकन पडेल ती लाइन. माझा स्टिरिओच्या फ्यूजला पडला, दुसरं कोण असणार.

एक जुना उद्योग मात्र करू नका, चालू इंजिनमध्ये बॅटरीचं टर्मिनल काढून ‘बंद पडली तर डायनॅमो खराब’ म्हणणं. जुन्या जीपला चालायचं, आताच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) उडू शकतो, मग नवी बॅटरी टाकली असती तर बरं असं वाटेल.

लाल वायर शेवटी मी सिगारेट लायटरच्या लाइनवर घेतली, माझ्या गाडीत तिथे प्लस चावीवरच येतो. आता मीटर 22 मिलिअँप दाखवतो.