दुखत नाही, म्हणजे जखम साधी?

‘शुगर असलेल्याच्या पायाची जखम दुखत नसेल तर काळजी नको, हळद लावा, आपोआप भरेल,’ असा मेसेज खानापूर-निपाणीकडे वर्षानुवर्षं फिरतोय.

समज पटण्यासारखा आहे. एरवी दुखणं कमी झालं की जखम बरी होतच असते. पण बरीच वर्षं वाढलेली साखर पायाच्या नसा बधिर करते. भाताच्या चिखलात काटा रुतला, चप्पल लागली, तरी कळत नाही. माणूस त्याच पायावर चालत राहतो, जखम खोल जाते. रक्तपुरवठा कमी असेल तर भरतही नाही. संसर्ग हाडापर्यंत पोचला तरी वेदना नसू शकते.

पडताळा घरीच घ्या. डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी यांच्या टोकांना सेकंदभर हलकेच बोट लावा, दाबू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झालेली असण्याची शक्यता मोठी. (सगळीकडे कळलं म्हणून जखम घरीच ठेवायची, असं मात्र नाही.)

जखम दिसली की त्याच किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. सुगी संपायची वाट नको. काळेपणा, वास, पसरती लाली किंवा ताप असेल, तर रात्रीसुद्धा बेळगाव गाठा.