टीव्ही जवळून पाहिला म्हणून चष्मा लागतो?

"मागे सरक, डोळे जातील!" ही हाक ऐकल्याशिवाय आपल्यापैकी क्वचितच कोणी लहानाचं मोठं झालं असेल. आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर निळसर प्लास्टिकची काच अडकवलेली असायची, 'डोळ्यांना त्रास नको' म्हणून. तिच्यामुळे चित्र मात्र अंधुक व्हायचं.

या भीतीला एक खरा धागा आहे. 1967 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही मोठ्या रंगीत टीव्हींमधून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं उघड झालं. दोष कारखान्यातला होता. संच दुरुस्त करून घेतले गेले आणि 1968 मध्ये तिथे किरणोत्सर्गावर कायदाही झाला. नंतरच्या पिक्चर ट्यूबच्या काचेतलं शिसं हे किरण अडवायचं. आताच्या एलईडी टीव्हीत तर ती ट्यूबच नाही, मग क्ष-किरण येणार कुठून?

जवळून टीव्ही पाहिल्याने डोळ्यांना कायमची इजा होत नाही. टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. विश्रांती मिळाली की बरे होतात. चष्म्याच्या बाबतीत गाडी बरेचदा उलटी असते: मुलाला लांबचं आधीच नीट दिसत नसतं, म्हणून ते पुढे सरकतं. फळ्यावरचं उतरवून घेताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं, तेही त्यामुळेच. अशा पोराला ओरडण्याऐवजी डोळे तपासून आणा. आणि संध्याकाळी अंगणात, मैदानात पिटाळा. उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत लघुदृष्टी, म्हणजे लांबचं धूसर दिसणं, कमी आढळते.