‘आधी पोलीस, मग दवाखाना’ हे खरं नाही

घरात कुणी विषारी औषध प्यायलं की ‘केस होईल, आधी पोलिसांत जा’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच. या भीतीपायी माणसं घरीच मीठपाणी पाजत बसतात. तेच घातक. उलटी काढताना विष फुफ्फुसांत उतरू शकतं.

लगेच १०८ लावा. औषध अंगावर सांडलं असेल तर कपडे उतरवून साबणाने अंग धुवा, पण त्यात निघायला उशीर नको. बाटली मात्र सोबत घ्या. लेबलवरचं नाव कळलं की उतारा ठरवणं डॉक्टरांना सोपं जातं.

दवाखाना ‘एमएलसी’ (पोलिसांना कळवायच्या रुग्णाची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करतो, पोलिसांना कळवतो. ती नोंद आहे, अटक नव्हे. आणि उपचार तिच्यासाठी थांबत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं जुनं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलंच नाही. (सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे.)

अजून काही घडलेलं नाही, पण बोलणं निरवानिरवीचं वाटतंय? १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही. घरचेही फोन करू शकतात. माणसाला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा. जिवाला धोका दिसला तर मनोरुग्णालयाचीच वाट धरायला हवी असं नाही: त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो.